बरडावरची कॉफी

नव्या गावी पाय ठेवला की मी आधी उंची विचारते. बाकीचे लोक राहायची सोय विचारतात, पाणी कसं आहे ते विचारतात. मी विचारते, हे गाव समुद्रापासून किती वर आहे. खोड जुनी आहे आणि आता ती जायची नाही. माझी सगळी नोकरी चिकमगळूरच्या डोंगरात, कॉफीच्या रोपवाटिकेत गेली. तिथे शेतकऱ्याच्या जमिनीची उंची कळल्याशिवाय आम्ही त्याच्या हातात रोप देत नाही.

धामणगावच्या स्टेशनबाहेर चहावाल्यालाही तेच विचारलं. त्याने गाळणी हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं.

‘उंच? इथी कायचं उंच, बाई? समदं सपाट हाये. चा घ्या.’

चहा ओठ चिकटतील इतका गोड होता. मी तो निमूटपणे प्यायले.

यवतमाळ जिल्ह्यात कॉफी पाहायला गेले होते असं सांगितलं की लोक हसतात. आजऱ्याची माझी बहीण तर फोनवर म्हणाली, ‘अगं, तिकडे कापूस असतो.’ कापूस असतो हे मलाही ठाऊक आहे, आणि कॉफी नसणार हेही ठाऊक होतं. तरी गेले, कारण त्या कॉफीवर एक मुलगा आपल्या घरी जाणार की नाही ते ठरायचं होतं.

मुलाचं नाव गजानन. आम्ही गजू म्हणतो. दिग्रसच्या पुढच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घराची थट्टा आधीच पुष्कळ झाली आहे. तरुणपणी कामाच्या शोधात आमच्या डोंगरात आला, रमला, आणि आज रोपवाटिकेचा कारभार तोच पाहतो. तिथल्याच शोभाशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा गावाकडे कापसाची वेचणी ऐन भरात होती. वडिलांनी, म्हणजे देवरावांनी, निरोप दिला की वेचणी सोडून येता येत नाही. मांडवात वरपक्ष म्हणून मी आणि रोपवाटिकेतल्या बायका उभ्या राहिलो. गजू त्या दिवशी हसत होता, पण त्याचं लक्ष सारखं रस्त्याकडे होतं. ते मी पाहिलं आणि मला त्या न पाहिलेल्या माणसाचा संताप आला होता.

पुढे देवरावांनी फोनवर ‘घरी ये’ म्हटलं, तेव्हा गजूने उत्तर दिलं, ‘तुमच्या बरडावर कॉफी येईन, तवा येईन.’ बरड म्हणजे तिकडची मुरमाड, उंचवट्यावरची जमीन, जिच्यात ज्वारीसुद्धा रडतकढत येते. सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा येईन, असंच ते बोलणं होतं.

देवरावांनी ते खरं धरलं. नातीचा जन्म झाल्यावर ते एकटेच डोंगरात आले. गजूने त्यांना पाहुण्यासारखं जेवू घातलं, पाहुण्यासारखं अंथरूण दिलं, आणि ‘चल घरी’ म्हटल्यावर तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव माझ्या समोर उभे. धोतर, पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी.

‘मॅडम, कॉफीचे वाण कोनते कोनते हायेत, ते सांगा.’

मी सांगितलं. सात-पंच्याण्णव हे जुनं अरेबिका. झाड उंच वाढतं, आणि तीन हजार फुटांच्या वर गेल्याशिवाय त्याच्या कपाला खरी चव येत नाही. सिलेक्शन नऊ त्याहून सोशिक, पाण्याचा ताण जरा जास्त काढतं, पण डोंगर त्यालाही हवा. रोबस्टा खालच्या उतारावरचं. दणकट, कपात कडू आणि जाड. ‘तुमच्याकडे यातलं एकही येणार नाही,’ हेही स्वच्छ सांगितलं.

‘तिन्ही द्या,’ ते म्हणाले.

मी रोपं दिली. गेल्या मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. ‘मॅडम, फळ धरलं. लाल झालं. तुमी येऊन पाहा अन् पोट्ट्याले सांगा.’ आमचीही तोडणी तेव्हा भरात होती. ती आटोपल्यावर येते म्हणाले. वेचणी सोडून येता येत नाही म्हणणाऱ्या माणसावर मी एकेकाळी किती चिडले होते, हे त्या क्षणी आठवलं आणि बरं वाटलं नाही.

गजूला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तो हसेल.

‘मॅडम, तुम्ही नाही म्हणा,’ तो म्हणाला. ‘सांगा, ही कॉफी नव्हे. माझ्या एका टोमण्याला त्या माणसानं चार वर्षं पाणी घातलं. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?’

‘झाडाविषयी मी खोटं बोलत नाही,’ मी म्हटलं आणि तिकीट काढलं.

धामणगाव ते दिग्रस

धामणगावहून यवतमाळ, तिथून दुसरी एसटी. खिडकीतून माझा डोळा सवयीने चढ शोधत होता. आमच्याकडे रस्ता वळला की दरी नाहीतर कडा समोर येतो. इथे रस्ता वळला की पुन्हा तीच तूर, तोच कापूस, आणि मध्ये पानं गाळत उभा राहिलेला साग. यवतमाळच्या आसपास थोडे डोंगर लागले. त्यांना पाहून मला बरं वाटलं, पण दुरून डोंगर साजरे म्हणतात तसेच ते. कॉफीला त्यांचा काही उपयोग नाही. बोरी अरबला बाजाराचा दिवस होता. वांग्यांच्या टोपल्या आणि कोंबड्या घेऊन बायका चढल्या, आणि त्यांतल्या एकीने माझ्या मांडीवर न विचारताच आपली पिशवी ठेवली. मला राग आला. मग तिने पिशवीतून मूठभर बोरं काढून माझ्या हातात दिली, तेव्हा तो गेला.

दिग्रसला जिनिंगच्या गाड्यांची रांग होती. रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, हॉटेलाच्या पाटीलाही कापसाचे पुंजके लटकलेले. तिथून पुढच्या गाडीत कंडक्टरने कुठे उतरायचं ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं.

‘कोनाकडं?’

‘देवरावांकडे.’

‘कोनते देवराव? कॉफीवाले?’

सगळी गाडी हसली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘बाई, येक कप आमालेबी पाठवजा!’ कंडक्टरने मला बरोबर फाट्यावर उतरवलं, पण त्या हसण्याने माझे कान तापले होते. चार वर्षं हा माणूस याच गाडीने दिग्रसला जातो-येतो आहे, हे माझ्या मनातून जाईना.

देवरावांचं घर

फाट्यावर देवराव उभे होते. तीच टोपी, तेच धोतर. माणूस मात्र वाळला होता. त्यांच्या घरी पोचल्यावर सुमनबाईंनी, त्यांच्या पत्नीने, पायावर पाणी घातलं आणि गूळ-पाणी पुढे केलं. मी त्यांच्यासाठी आमच्या डोंगरातल्या कॉफीच्या तीन पुड्या नेल्या होत्या, त्याच तीन वाणांच्या, वेगवेगळ्या उंचीवरच्या. त्यांनी त्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि देव्हाऱ्याजवळ ठेवून दिल्या. पाहुणीने आणलेली वस्तू आधी देवापुढे, मग घरात. आमच्या आजऱ्याकडेही माझी आई असंच करायची.

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, जवसाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी कोल्हापूरकडची, तिखटाची मला कोणी भीती घालू नये अशा ऐटीत मी ठेच्याला हात घातला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. सुमनबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी माझ्या भाकरीवर तेलाची धार सोडली.

‘नात कशी हाये?’ त्यांनी विचारलं.

मी चिन्नीचा फोटो दाखवला. नातीचं नाव दुसरं आहे, पण शोभाच्या माहेरची माणसं तिला चिन्नी म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात. सुमनबाईंनी हात पदराला पुसले, मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिलं.

‘कपाळ तं गजूचं हाये,’ त्या म्हणाल्या. ‘बोलते का आपलं?’

‘कन्नड जास्त. मराठी समजतं तिला.’

‘समजते ना? मंग झालं.’

देवराव हात धुवायला उठले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘बाई, त्या झाडाचं पानी म्या डोक्यावर वाह्यलं. चार उन्हाळे. लोकं हासत. म्या म्हनलं, हासू द्या, पोरगा येईन. आता तुमी काय सांगता त्याच्यावर हाये.’

गजूचं ‘नाही म्हणा’ माझ्या पोटात होतं आणि समोर ही बाई बसलेली. पुढचं जेवण मी फक्त मान हलवत केलं.

बरड

सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही तिघं निघालो. वाटेत देवरावांचं खालचं वावर लागलं. काळी जमीन, आणि तिच्यात कापूस शेवटच्या वेचणीला आलेला. बोंडं फुटून पांढरी झाली होती. देवराव चालता चालता एका बोंडातला कापूस बोटांनी अलगद सोडवून घेत आणि धोतराच्या सोग्यात टाकत. हात आपोआप चालत होता, त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

बरडावर चढलो. चढ म्हणजे आमच्या रोपवाटिकेच्या मागच्या पायऱ्यांइतका, पण त्या गावातली सगळ्यात उंच जागा तीच. माथ्यावर, उघड्या उन्हात, एका ओळीत काळ्या काड्या उभ्या होत्या.

‘हे सात-पंच्यान्नव,’ देवराव म्हणाले. ‘तुमी म्हनलं होतं, सगळ्यात उच्च जागी येते. म्हून सगळ्यात वर लावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं. उपटाचं मन नाई झालं.’

त्यांची चूक कळायला मला वेळ लागला नाही. कापसाच्या माणसाला सावली म्हणजे पिकाचा वैरी. सावलीतली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, नुसती वाढते आणि बोंड धरत नाही, म्हणून वावरातलं झाड आधी तोडायचं. देवरावांनी माथ्यावरच्या दोन बाभळीही तोडल्या होत्या, कॉफीला मोकळं ऊन मिळावं म्हणून. आमच्याकडे कॉफी लावायची तर आधी सावली लावतात. हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. मला ते इतकं उघड वाटतं की बहुतेक सांगितलं नसणार.

जरा खाली सिलेक्शन नऊची ओळ. काही झाडं जिवंत होती, गुडघ्याएवढी, पानं पिवळी. एकाच्या खोडावर मला भोक दिसलं. खोडकिड्याचं. देवरावांनी ते आधीच मातीने लिंपलेलं होतं.

आणि सगळ्यात खाली, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली रोबस्टा. ‘हे खालच्या जातीचं म्हनलं होतं ना तुमी,’ देवराव ओशाळून म्हणाले, ‘म्हून कोपऱ्यात टाकलं.’ तिथे दोन झाडं उभी होती. हिरवी, जाड पानांची, माझ्या खांद्यापर्यंत आलेली. सुमनबाईंच्या जुन्या लुगड्यांनी झाकलेली, पाखरांपासून राखायला. रोबस्टाचं एकटं झाड फळत नाही, त्याला सोबत लागते. आणि फुलायला उन्हाळ्यात एक पाणी लागतं. आमच्याकडे ते पाणी मार्चातला पाऊस देतो आणि सारा डोंगर त्याच्याकडे डोळे लावून बसतो. इथे ते सुमनबाईंच्या डोक्यावरून आलं होतं.

देवरावांनी लुगडं बाजूला केलं. मी पुढे वाकले.

फळं होती. फांद्यांना चिकटून, झुपक्याने. पण काळी, वाळून सुरकुतलेली.

‘देवरावभाऊ, ही तोडली का नाहीत?’

‘फुटली नाई ना, मॅडम.’ त्यांनी एक फळ बोटांत धरून मला दाखवलं. ‘लाल झाली तवा तुमाले फोन केला. मंग म्या अन् इनं वाट पाह्यली. आज फुटन, उद्या फुटन. काळी पडली तरी फुटून नाई राह्यली. बोंड फुटल्याबिगर वेचाचं कसं?’

मोहाच्या बुंध्याशी सात लहान गोटे मांडलेले होते. त्यांच्यावर कुंकू, आणि वाळून गेलेली भाताची शितं. मी विचारलं तेव्हा सुमनबाईंनी सांगितलं, ही सीतादही. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी वावरात सात खडे पुजायचे, दहीभात शिंपायचा, की कापूस दह्यासारखा पांढरा फुटो. कॉफीचीही त्यांनी केली होती. लाल फळाला दह्याचं मागणं घातलं होतं.

मला हसू यायला हवं होतं. डोंगरात ही गोष्ट सांगितली असती तर तोडणीच्या बायका पोट धरून हसल्या असत्या. पण ते दोघं माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते, आणि मला रडू आलं.

‘हे फळ फुटत नाही,’ मी सांगितलं. ‘कधीच नाही. लाल असताना तोडायचं असतं. आतलं बी म्हणजे कॉफी.’

देवराव खाली बसले. ‘म्हनजे वाया गेली?’

‘नाही. झाडावर वाळलेल्याचीही कॉफी होते. आम्हीही शेवटची फळं तशीच घेतो. काढा सगळी.’

सुमनबाईंनी पदराची ओटी केली, कापूस वेचताना करतात तशी, आणि तिघांनी मिळून ती दोन झाडं वेचली. ओटी काही भरली नाही.

चार वाट्या

उखळात हळू कांडून टरफल काढलं, सुपात पाखडलं, लोखंडी तव्यावर मी स्वतः भाजलं. भाजताना घरभर वास सुटला तशी शेजारची माणसं अंगणात जमली. नामदेव नावाचे शेजारी सगळ्यांत पुढे. ‘कॉफीवाल्याकडं धूर निंगून राह्यला,’ असं ओरडतच ते आले.

वाणांची तुलना कशी करतात ते मी त्यांना दाखवायचं ठरवलं. पाटावर चार वाट्या मांडल्या. तीन माझ्या डोंगरातल्या पुड्यांच्या, चौथी बरडाची, उखळात कुटून घेतलेली. दूध नाही, साखर नाही, वरून नुसतं उकळतं पाणी. थोडं थांबून मी चमच्याने पहिल्या वाटीतली कॉफी मोठ्याने आवाज करत ओढली, तोंडभर फिरवली आणि अंगणाच्या कडेला थुंकले.

‘थुकली!’ नामदेव म्हणाले. ‘म्हनजे खराब हाये.’

‘ही माझी आहे, डोंगरातली,’ मी चिडून म्हटलं. ‘चव पाहताना आमच्यात सगळीच थुंकतात.’

‘मंग पिते कोन?’

अंगण हसलं, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याने मलाही जरा मोकळं वाटलं.

देवरावांना मी चारही वाट्या चाखायला दिल्या. त्यांनी घाई केली नाही. सात-पंच्याण्णव ओढून ते म्हणाले, ‘आंबट हाये. बोरावानी. पण गोड आंबट.’ सिलेक्शन नऊला म्हणाले, ‘याच्यात फुलाचा वास हाये.’ डोंगरातल्या रोबस्टाला तोंड वाकडं केलं, ‘हे करपेल चन्यावानी.’ मग त्यांनी आपली वाटी घेतली. एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि वाटी खाली ठेवली.

‘लाकूड,’ ते म्हणाले. ‘जळेल लाकूड.’

मीही तेच म्हणाले असते.

‘मॅडम, आता सांगा. आली का कॉफी?’

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. ‘वाटीत आहे ती कॉफीच आहे,’ मी म्हटलं. ‘ते मी कोणाहीसमोर सांगेन. पण हे पीक नव्हे, देवरावभाऊ. ती दोन झाडं वहिनींच्या डोक्यावर जगली. एक उन्हाळा पाणी चुकलं तर तीही जातील. तुम्ही आणखी कितीही वर्षं केलंत तरी बरडाला उंची यायची नाही.’

‘ते तं मलेबी समजते. जनमभर शेती केली. येक वाटी म्हनजे पीक नोहे.’ त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. ‘पन त्याचं म्हननं होतं, कॉफी आली पायजे. आली ना? मंग त्याले येऊ द्या.’

मग मी ते सांगितलं. गजूने मला ‘नाही म्हणा’ असं सांगून पाठवलं आहे. तो रागात बोलला होता, आणि आता त्या बोलण्याची त्याला इतकी लाज वाटते की तोंड दाखवायचं धैर्य नाही. नामदेव आणि बाकीचे एकेक करून उठून गेले. खेड्यातल्या माणसांना कुठे उठावं हे बरोबर कळतं.

‘काहून?’ देवराव एवढंच म्हणाले. ‘कायची लाज?’

उत्तर चुलीपाशी बसलेल्या सुमनबाईंनी दिलं. त्यांनी मान वर केली नाही.

‘त्याले कॉफी कायले पायजे? तिथी काय कमी हाये का कॉफी? लग्नाच्या आदल्या दिवशी म्या नवं पातळ घडी करून ठेवलं होतं. गाडीची वेळ झालती. तुमी म्हनलं, बाया लागल्या वेचाले, सोडून कसं जाव. त्याच्या मनात ते हाये. चार वर्सं पानी वाहून राह्यली म्या, अन् मनात म्हनून राह्यली, हे पानी चुकीच्या झाडाले हाये.’

‘मंग बोलली काहून नाई?’

‘तुमी काईतरी करून राह्यलते ना त्याच्यासाठी. म्हून नाई बोलली.’

देवरावांनी चारही वाट्या उचलल्या, न्हाणीवर नेऊन धुतल्या, पालथ्या घातल्या. मग टोपी घालून वावराकडे निघून गेले.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते. काय सांगावं गजूला, याची जुळवाजुळव मनात चालली होती. वेचणीच्या बायका आदल्या दिवशीच सांगून ठेवलेल्या, त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. देवराव त्यांना म्हणाले, ‘आज नाई.’

‘मंग उद्या येऊ का?’

‘नामदेवले विचारा. म्या नाई अठी.’

त्यांच्या हातात पिशवी होती. मागून सुमनबाई आल्या, अंगावर ते पातळ. घडीच्या रेषा अजून गेलेल्या नव्हत्या.

नामदेव धावत फाट्यापर्यंत आले. ‘अरे, कापूस पुरा फुटला हाये. वाऱ्यानं खाली पडन. दोन दिवस थांब, वेचून घे, मंग जाय.’ देवरावांच्या तोंडावर ते सगळं दिसत होतं. फुटलेला कापूस झाडावर राहिला की तो ओघळतो, मातीत लोळतो, काळवंडतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांचा हात एकदा धोतराच्या सोग्याकडे गेला आणि परत आला.

‘तुले जमन तेवढा वेच,’ ते म्हणाले. ‘बाकीचा जाऊ दे.’

गाडी त्यांच्याच वावराच्या कडेने गेली. सुमनबाई खिडकीतून पाहत होत्या. देवराव समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत बसले, पांढरं वावर मागे पडेपर्यंत. कंडक्टर तोच होता. ‘काय कॉफीवाले, कुठी चालले?’ त्याने विचारलं, तर ते म्हणाले, ‘लग्नाले.’ त्याला ते समजलं नाही आणि कोणी समजावूनही दिलं नाही.

कडूर स्टेशनवर गजू मला घ्यायला आला होता. मी मुद्दामच फोनवर काही सांगितलं नव्हतं. माझ्या पिशव्या घ्यायला तो डब्याशी आला, आणि माझ्या मागून ते दोघं उतरले. धुकं होतं, थंडी होती, आणि देवरावांच्या अंगावर एक साधी चादर. बापलेक एकमेकांसमोर उभे राहिले. बरडाच्या कॉफीची उरलेली चिमूट मी कागदात बांधून आणली होती. हात पर्समध्ये गेला होता, तो तिथेच राहू दिला.

गजूच्या तोंडून पहिला प्रश्न जो निघाला तो शेतकऱ्याच्या पोराचाच होता.

‘वेचणी झाली?’

‘नाई,’ देवराव म्हणाले. ‘सोडून आलो.’

गजू पुढे झाला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊ लागला. देवराव ती सोडत नव्हते आणि गजूही सोडत नव्हता. मी सुमनबाईंचा हात धरला आणि गाडी कुठे लावली आहे ते शोधायला पुढे निघाले.